मिठाच्या डोंगराचे वय

लखनौमध्ये ३ एप्रिल १९४९ रोजी एका संशोधन संस्थेची पायाभरणी झाली. पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बसवण्यात आलेली कोनशिला नेहमीसारखी संगमरवरी पाटी नव्हती. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले तुकडे तिच्यात जडवलेले होते. जगाच्या निरनिराळ्या भागांतील हे जीवाश्म निवडून ती शिला घडवणारे शास्त्रज्ञ होते डॉ. बिरबल साहनी. नामशेष झालेल्या वनस्पतींच्या अभ्यासाला, म्हणजेच पुरावनस्पतिविज्ञानाला वाहिलेली स्वतंत्र संस्था भारतात उभी राहावी, हे त्यांचे अनेक वर्षांचे स्वप्न होते. ते आकाराला येऊ लागले आणि जेमतेम आठवडा उलटतो तोच, ९ आणि १० एप्रिलच्या दरम्यानच्या रात्री, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५७ वर्षांचे होते.

साहनी यांचे नाव आज घेतले जाते ते राजमहालच्या टेकड्यांतील जीवाश्मांमुळे आणि त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लखनौच्या संस्थेमुळे. परंतु आयुष्याच्या अखेरच्या पाच-सहा वर्षांत ज्या प्रश्नाने त्यांना पुरते व्यापून टाकले होते, तो मात्र फारसा सांगितला जात नाही. पंजाबातील मिठाच्या डोंगराचे वय किती, हा तो प्रश्न. ज्या डोंगराच्या परिसरात ते जन्मले, त्याच डोंगराने त्यांना आयुष्यातील सर्वांत मोठ्या वैज्ञानिक वादात ओढले. वादाचा निकाल लागला तेव्हा साहनी हयात नव्हते. तो त्यांच्या विरोधात गेला. तरीही त्यांची बाजू सर्वस्वी हरली, असे आज म्हणता येत नाही.

भेऱ्याचे घर

बिरबल साहनी यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पश्चिम पंजाबातील भेरा या गावी झाला. त्या काळी शाहपूर जिल्ह्यात असलेले हे गाव झेलम नदीच्या खोऱ्यात आहे आणि आता पाकिस्तानात मोडते. नदीपलीकडे, उत्तरेला, उघड्याबोडक्या तांबूस डोंगरांची एक रांग झेलमपासून थेट सिंधू नदीपर्यंत गेली आहे. इंग्रजांनी तिला सॉल्ट रेंज म्हणजे मिठाची डोंगररांग असे नाव दिले. तिच्या पोटात गुलाबी, लालसर आणि पांढऱ्या मिठाचे प्रचंड साठे आहेत. खेवडा येथील खाण त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. अलेक्झांडरच्या सैन्यातील घोडे येथले दगड चाटू लागले आणि त्यावरून मिठाचा पत्ता लागला, अशी आख्यायिका तेथे सांगितली जाते. इंग्रजी अमदानीत, १८७२ मध्ये, डॉ. वार्थ यांच्या देखरेखीखाली खाणीचा मुख्य बोगदा खोदला गेला आणि खाणकामाला शिस्त आली.

महाराष्ट्रालाही हे मीठ परके नाही. उपवासाच्या पदार्थांत आणि वैद्याच्या चूर्णांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेलेले सैंधव प्रामुख्याने याच डोंगरांतून येत असे. सैंधव म्हणजे सिंधुदेशीचे. नावातच त्याचे गाव आहे.

साहनी यांचे वडील रुचिराम साहनी लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. सामान्य माणसांना कळावे म्हणून पंजाबी भाषेतून विज्ञानाची व्याख्याने देणारा हा प्राध्यापक राष्ट्रीय चळवळीतही सक्रिय होता. लाहोरच्या त्यांच्या घरी मोतीलाल नेहरू, मदनमोहन मालवीय, गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्यांचे येणे-जाणे असे. सुट्टी लागली की रुचिराम मुलांना घेऊन हिमालयात पायी भटकंतीला निघत. वाटेत झाडपाला आणि दगड गोळा करायचे, हा त्या प्रवासांचा नेम. बिरबल यांना वनस्पती आणि डोंगर या दोहोंची ओढ लागली ती तेथेच. पुढे त्यांनी या दोन विषयांची कधी फारकत होऊ दिली नाही.

थरांचे घड्याळ

लाहोरमधून १९११ साली पदवी घेतल्यानंतर साहनी केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात दाखल झाले. तेथे प्रा. ए. सी. स्यूअर्ड हे जीवाश्म वनस्पतींचे जगन्मान्य अभ्यासक त्यांना गुरू म्हणून लाभले. १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवून ते मायदेशी परतले. १९२० मध्ये सावित्री सुरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बनारस आणि लाहोर येथे अल्पकाळ अध्यापन केल्यावर १९२१ मध्ये नव्यानेच स्थापन झालेल्या लखनौ विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. खादी वापरणाऱ्या या प्राध्यापकाला १९३६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने आपले सदस्यत्व दिले.

साहनी यांची कामाची पद्धत सूक्ष्म निरीक्षणाची होती. दगडाचा कागदासारखा पातळ काप काढायचा, तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि दगड झालेल्या पेशींच्या रचनेवरून हरवलेले झाड पुन्हा उभे करायचे. बिहारच्या राजमहाल टेकड्यांमधून (हा भाग आता झारखंडात आहे) मिळालेल्या अवशेषांवरून त्यांनी विल्यमसोनिया या वनस्पतीचे पूर्ण चित्र १९३२ मध्ये सादर केले. १९४८ मध्ये त्यांनी पेंटॉक्सिली हा तोवर अज्ञात असलेला वनस्पतींचा गट जगापुढे मांडला. त्यांची नजर वनस्पतींपुरतीही मर्यादित नव्हती. रोहतकजवळच्या खोकराकोट टेकाडावर १९३६ मध्ये त्यांना भाजलेल्या मातीचे तुकडे दिसले. त्यांवरून प्राचीन यौधेयांची नाणी कशी ओतली जात, हे त्यांनी शोधून काढले. त्यासाठी नाणकशास्त्राच्या संस्थेचे पदकही त्यांना मिळाले.

या सगळ्या कामामागे एक पक्का विश्वास होता. खडकांच्या थरात सापडणारी वनस्पती हे त्या थराचे घड्याळ असते, हा तो विश्वास. सपुष्प वनस्पती पृथ्वीवर उशिरा आल्या. तेव्हा ज्या थरात फुलझाडांचे लाकूड किंवा गवताचे पान सापडेल, तो थर त्यांच्याहून जुना असूच शकत नाही.

हे घड्याळ त्यांनी महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणालाही लावून पाहिले होते. दख्खनचे पठार लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांनी बनले आहे. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, त्यांच्या काठी झाडे वाढली आणि पुढच्या लाव्ह्याखाली ती गाडली गेली. नागपूर-छिंदवाडा भागातील अशा थरांतून, विशेषतः मोहगाव कलान येथून, पाम वृक्षांचे आणि पाणवनस्पतींचे उत्तम जीवाश्म मिळाले. ते पाहून साहनी यांनी १९३४ मध्ये दख्खनच्या लाव्ह्याच्या वयाचा प्रश्न नव्याने उपस्थित केला. हा लाव्हा डायनोसॉरच्या क्रिटेशस कालखंडातला नसून त्यानंतरच्या तृतीय कल्पाच्या आरंभीचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आधुनिक मापनांनुसार या उद्रेकांचा मुख्य काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे दोन्ही कालखंडांच्या नेमक्या सीमेवरचा ठरला आहे. साहनी यांच्या घड्याळाने येथे फारशी चूक केली नव्हती. मिठाच्या डोंगराकडे ते वळले तेव्हा हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

कोडे काय होते?

मिठाच्या डोंगराचे कोडे समजण्यासाठी खेवड्याच्या दरीतील थरांचा क्रम पाहावा लागतो. तळाशी लाल माती, जिप्सम आणि मीठ यांचा जाड थर आहे. साहनी यांच्या काळात भूवैज्ञानिक त्याला सॅलाइन सिरीज, म्हणजे लवणमाला, म्हणत. त्याच्यावर जांभळ्या रंगाचा वालुकाश्म आहे. त्याच्याही वर शेलचे थर आहेत आणि त्यांत ट्रायलोबाइट या अतिप्राचीन सागरी प्राण्याचे जीवाश्म मिळतात. हे प्राणी कँब्रियन कालखंडातले, म्हणजे ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे. खालचा थर आधी साचतो आणि वरचा नंतर, हा भूविज्ञानाचा पहिला धडा. त्यानुसार तळाचे मीठ कँब्रियन किंवा त्याहूनही जुने ठरते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ए. बी. विन यांनी १८७८ मध्ये या रांगेचा जो सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, त्यात थरांचा हाच क्रम धरला होता.

पण डोंगरांच्या पट्ट्यात हा पहिला धडा नेहमी लागू पडत नाही. तेथे भूकवचावर आडवा रेटा पडतो. थर मोडतात, एका बाजूचे थर सरकून दुसऱ्या बाजूच्या थरांवर चढतात आणि जुना खडक नव्या खडकाच्या डोक्यावर जाऊन बसतो. मिठाच्या डोंगरातही असेच घडले असावे, अशी शंका विसाव्या शतकाच्या आरंभी कोकेन आणि नोएटलिंग या जर्मन शास्त्रज्ञांनी मांडली. मीठ आणि त्यावरचे जुने खडक यांच्या सांध्यावर दगड चुरडलेले आणि पिळवटलेले दिसतात, हा त्या शंकेचा आधार होता. शिवाय सिंधूपलीकडे कोहाट भागातही मिठाचे मोठे साठे होते आणि त्यांच्यावर इओसीन काळातील, म्हणजे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे, खडक होते. दोन्ही ठिकाणचे मीठ एकाच समुद्राचे मानले, तर खेवड्याचे मीठही तेवढेच तरुण ठरत होते. अशा परिस्थितीत ट्रायलोबाइटचे जुने खडक दुरून सरकत येऊन तरुण मिठावर बसले, असे मानणे भाग होते.

दोन उत्तरांत फरक होता तो जवळजवळ ५० कोटी वर्षांचा. आणि प्रश्न केवळ विद्वानांच्या चर्चेचा नव्हता. या रांगेच्या उत्तरेला असलेल्या पोटवार पठारावर खौर येथे १९१५ मध्ये खनिज तेल सापडले होते. मीठ तरुण असेल, तर जुन्या खडकांच्या पांघरुणाखाली तेल देणारे तरुण खडक दडलेले असण्याची आशा होती. मीठ जुने असेल, तर त्याच्याखाली काहीच मिळणार नव्हते. विहीर कोठे आणि किती खोल खणायची, हे मिठाच्या वयावर अवलंबून होते.

हा प्रश्न किती अवघड होता, याची साक्ष भूवैज्ञानिक ई. आर. गी यांच्या कामातून मिळते. या डोंगररांगेचा नकाशा करण्यासाठी त्यांच्याइतकी पायपीट कोणीच केली नसेल. तेच गी १९३४ मध्ये इओसीन मताकडे झुकले होते. पुढे अधिक काम केल्यावर त्यांनी आपले मत बदलले. कोहाटचे मीठ इओसीन असले, तरी पंजाबचे मीठ कँब्रियनच आहे, अशी त्यांची खात्री झाली.

लाकडाचा एक तंतू

या टप्प्यावर साहनी वादात उतरले. थरांच्या रचनेवरून भूवैज्ञानिकांचे एकमत होत नसेल, तर मिठातच त्याच्या वयाचा पुरावा शोधावा, असा त्यांचा साधा विचार होता. मीठ समुद्राचे पाणी आटून तयार झाले. ते साचत असताना काठावरच्या झाडांचे कण वाऱ्याने किंवा पाण्याने त्यात पडलेच असणार. साहनी आणि त्यांचे सहकारी बी. एस. त्रिवेदी यांनी खेवडा आणि इतर ठिकाणचे मीठ, लाल माती, डोलोमाइट आणि तेलयुक्त शेल यांचे नमुने प्रयोगशाळेत आणले. बाहेरची धूळ मिसळू नये म्हणून नमुन्याचा आतला भाग घ्यायचा, तो पाण्यात किंवा आम्लात विरघळवायचा आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा, असे हे काम होते.

गाळात जे दिसले ते धक्कादायक होते. लाकडाचे तंतू, गवतासारख्या पानांच्या सालीचे तुकडे, कीटकांच्या शरीराचे बारीक अवशेष. एकदा नाही, अनेक नमुन्यांत. कँब्रियन काळात जमिनीवर ना झाडे होती, ना गवत, ना कीटक. साहनी यांच्या दृष्टीने निकाल लागला होता. १९४४ मध्ये त्यांनी लंडनच्या नेचर या नियतकालिकातून आपले मत जाहीर केले आणि पुढच्या वर्षी त्रिवेदी यांच्यासह अधिक पुरावा दिला. मीठ इओसीन आहे आणि त्यावरचे कँब्रियन खडक एका प्रचंड विभंगावरून सरकत येऊन त्याच्या डोक्यावर बसले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे काही जणांनी या कणांचा आधार घेऊन झाडे आणि कीटक कँब्रियन काळातही होते, असे सुचवण्याचा प्रयत्न केला. साहनी यांच्या मनात असे काही नव्हते. उत्क्रांतीचा क्रम त्यांना पूर्ण मान्य होता. म्हणूनच तर गवताचा तुकडा दिसताच त्यांनी गवताला जुने न ठरवता मिठाला तरुण ठरवले.

विरोधकांसमोर

साहनी यांच्या नावाचा दबदबा मोठा होता. १९४० मध्ये ते भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्ष झाले होते, तर राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे अध्यक्षपद त्यांनी दोन वेळा भूषवले होते. त्यांनी मत दिले आणि वाद मिटला, असे सहज होऊ शकले असते. त्यांनी स्वतःच ते होऊ दिले नाही. या एकाच प्रश्नावर १९४४ आणि १९४५ मध्ये दोन परिसंवाद भरवण्यात आले. मत बदललेल्या गी यांच्यासह विरोधी बाजूचे निबंधही तेथे मांडले गेले आणि अकादमीच्या कार्यवृत्तांतात साहनी यांच्या निबंधांच्या बरोबरीने छापले गेले.

विरोधकांचा मुख्य आक्षेप नेमका होता. मीठ हा सर्वसामान्य खडक नाही. ते पाण्यात विरघळते आणि पुन्हा साखळते. दाबाखाली ते वाहते, भोवतालचे खडक आपल्यात ओढून घेते. डोंगर उभा राहताना ज्या मिठाची एवढी घुसळण झाली, त्यात पुढच्या काळातील कण मिसळले नसतील, याची हमी कोण देणार? साहनी यांनी आपल्या दक्षतेचे सविस्तर दाखले दिले. पण आक्षेप पुरता खोडला गेला नाही. उलट एक वेगळीच अडचण उभी राहिली. ए. के. घोष आणि ए. बोस यांना १९४७ च्या सुमारास याच रांगेतील, कँब्रियन असल्याबद्दल कोणालाही शंका नसलेल्या वरच्या थरांतही वनस्पतींचे असेच सूक्ष्म कण मिळाले. जे कण खात्रीच्या जुन्या खडकातही सापडतात, ते मिठाच्या तरुणपणाचा पुरावा कसे मानायचे, हा प्रश्न त्यामुळे अटळ झाला.

त्याच वर्षी देशाची फाळणी झाली. भेरा आणि लाहोर सीमेपलीकडे गेले आणि मिठाची डोंगररांगही गेली. भारताच्या वाट्याला सैंधवाचे उरले ते हिमाचलातील मंडीजवळचे साठे. जन्मगाव, बालपणीचे शहर आणि संशोधनाचे क्षेत्र, तिन्ही साहनी यांच्यासाठी एकदम परदेश झाले. नव्याने नमुने आणून आक्षेपांना उत्तर देण्याची वाटही बंद झाली. उरलेली शक्ती त्यांनी संस्थेच्या उभारणीत ओतली. पुरावनस्पतिविज्ञानाची संस्था १९४६ मध्येच स्थापन झाली होती; आता तिला स्वतःची इमारत हवी होती. १९५० मध्ये स्टॉकहोमला भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसच्या मानद अध्यक्षपदासाठीही त्यांची निवड झाली होती. हे सारे मागे ठेवून ते गेले. मिठाबद्दलचे त्यांचे मत अखेरपर्यंत कायम होते.

विभंग होता, पण कोठे?

साहनी यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी, १९५५ मध्ये, शिंडेवोल्फ आणि झायलाखर या जर्मन पुराजीवशास्त्रज्ञांनी या रांगेतील कँब्रियन थरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याने जुन्या वयाची बाजू भक्कम झाली. दक्षिणेकडच्या सपाट मैदानात, जेथे डोंगराचा रेटा पोहोचलेला नाही, तेथे तेलाच्या शोधात खोल विहिरी खणल्या गेल्या. तेथेही मीठ कँब्रियन खडकांच्या खालीच मिळाले. तेथे थर सरकल्याचे कारण पुढे करता येत नव्हते. मिठासोबतच्या जिप्सममधील गंधकाच्या समस्थानिकांनीही तीच साक्ष दिली. मीठ साचले ते कँब्रियनच्या आरंभी किंवा त्याच्याही थोडे आधी, सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी, हे आता सर्वमान्य आहे. साहनी यांच्या गाळातील लाकडाचे आणि गवताचे कण नंतरच्या काळातले होते. घड्याळ बरोबर होते. पण ते ज्या भिंतीवर टांगले होते, ती भिंत त्याची नव्हती.

गोष्ट येथे संपली असती, तर ती एका मोठ्या शास्त्रज्ञाच्या चुकीची गोष्ट ठरली असती. पण १९८० च्या दशकात तेल कंपन्यांनी जमिनीत ध्वनिलहरी सोडून भूगर्भाचे छेद मिळवले, त्यांचा अभ्यास पाकिस्तानी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी केला, आणि या डोंगररांगेखाली खरोखरच एक प्रचंड विभंग असल्याचे स्पष्ट झाले. संपूर्ण पोटवार पठार त्याच्या खालच्या पायापासून सुटून दक्षिणेकडे किमान २० किलोमीटर सरकत आले आहे. तरुण मिठाच्या बाजूचे संशोधक ज्या महाकाय सरकण्याची कल्पना करत होते आणि जुन्या मिठाच्या बाजूचे अनेक जण जी अनावश्यक मानत होते, ती घटना प्रत्यक्षात घडली होती. फरक एवढाच, की ती घसरण मिठाच्या वर झाली नव्हती. ती मिठाच्या तळाशी झाली होती. वरचे खडक मिठावर येऊन बसलेच नव्हते. ते मिठाला सोबत घेऊन आले होते.

यामागचे कारण मिठाच्या स्वभावात आहे. वालुकाश्म किंवा चुनखडक यांच्यावर रेटा पडला की ते तडकतात. मीठ मात्र खोलवरच्या दाबाखाली आणि उष्णतेत, मेणासारखे संथपणे वाहू लागते. भारतीय भूखंड उत्तरेकडे आशियाच्या पोटात शिरत असताना वरचे थर दक्षिणेकडे रेटले जातात. जेथे तळाशी मीठ नाही, तेथे घर्षण मोठे असते; थर एकमेकांवर चढतात आणि डोंगरांचा पट्टा अरुंद आणि उंच होतो. जेथे मीठ आहे, तेथे ओल्या साबणावरून पाट सरकावा तसे काही किलोमीटर जाडीचे थर फारसे न मोडता घसरत जातात. काश्मीर-हिमाचलच्या बाजूला हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा चिंचोळा आहे आणि पोटवारचे पठार मात्र ऐसपैस पसरले आहे, ते यामुळेच. इराणच्या झाग्रोस पर्वतातही साधारण याच वयाच्या मिठाने हेच काम केले आहे.

मग पठाराच्या दक्षिण कडेला डोंगर का उभा राहिला? तेथे खालच्या कठीण पायात सुमारे एक किलोमीटर उंचीची जुनी पायरी आहे. घसरत आलेले थर या पायरीशी अडले आणि तिच्यावरून वर चढले. गेल्या काही दशलक्ष वर्षांत झालेल्या या चढाईने खोल गाडलेले मीठ जमिनीवर आणले आणि १,५०० मीटर उंचीचे सकेसरचे शिखर उभे केले. रांगेच्या दक्षिण पायथ्याशी हे प्राचीन मीठ अगदी अलीकडच्या दगडगोट्यांवर आणि गाळावर चढून बसलेले दिसते. जुने नव्याच्या डोक्यावर बसू शकते, हा साहनी यांच्या बाजूचा आग्रह तेथे प्रत्यक्ष पाहायला मिळतो. फक्त नव्याच्या डोक्यावर बसलेले मीठच आहे.

विशेष म्हणजे डोंगर अजून घडत आहेत, ही जाणीव साहनी यांना होती. काश्मीरच्या करेवा गाळातील शिंगाड्याच्या जीवाश्मांचा त्यांनी अभ्यास केला होता. मानवाच्या आगमनानंतरही हिमालय उंचावत राहिला आहे, असे त्यांनी १९३६ मध्येच मांडले होते. त्याच वर्षी त्यांनी वेगेनरच्या भूखंडवहनाच्या सिद्धान्ताचा जीवाश्म वनस्पतींच्या आधारे विचार केला होता. तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिक त्या सिद्धान्ताकडे पाठ फिरवून बसले होते. जमीन सरकते, हे मानायला त्यांना जड गेले नाही. मिठाच्या बाबतीत ते ज्या पुराव्यावर विसंबले तो फसवा निघाला, आणि त्या पुराव्याने त्यांना सरकण्याची जागा चुकीची दाखवली.

कोनशिलेनंतर

साहनी यांच्या पश्चात संस्थेची धुरा सावित्री साहनी यांनी उचलली. इमारत पूर्ण झाली आणि २ जानेवारी १९५३ रोजी पंडित नेहरू यांच्याच हस्ते तिचे उद्घाटन झाले. सावित्रीबाईंच्या या कार्याची दखल घेऊन १९६९ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. आता ही संस्था बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. संस्थेच्या आवारातच साहनी यांची समाधी आहे आणि जीवाश्मांनी जडवलेली ती कोनशिलाही तेथे जपून ठेवण्यात आली आहे.

तिकडे गी यांनी निवृत्तीनंतरही मिठाच्या डोंगराचा ध्यास सोडला नाही. त्यांचे तपशीलवार नकाशे १९८० मध्ये पाकिस्तानच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने प्रसिद्ध केले. खेवड्याच्या दरीत थरांचा क्रम वाचायला जाणाऱ्या प्रत्येकाला आजही त्यांचाच आधार घ्यावा लागतो. साहनी आणि गी यांच्यात मतभेद टोकाचे होते, पण दोघांचेही निबंध १९४० च्या दशकातील अकादमीच्या त्याच कार्यवृत्तांतात शेजारी शेजारी आहेत. डोंगराचे वय कोणी सांगितले आणि डोंगर सरकल्याचा आग्रह कोणी धरला, हे समजायचे असेल, तर ती पाने आजही एकत्रच वाचावी लागतात.